नदीच्या वाळूत कासवाची अंडी सापडली आहेत, घरी आणून उबवली तर पिल्लं वाचतील का?

आणू नका. उत्तर एवढंच. पण 'मला त्यांना वाचवायचंय' असं तुम्ही लिहिलंय, आणि हेच वाक्य २२ वर्षांपूर्वी भीमाकाठी मी मामांना ऐकवलं होतं.

मादी मी स्वतः पाहिली होती. सुपाएवढी मऊ पाठ, नळीसारखं नाक. लीथचं कासव, फक्त भारतीय द्वीपकल्पाच्या नद्यांतलं, आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तिसऱ्या दिवशी मामांचा ट्रॅक्टर नेमका त्याच पट्ट्यात वाळू भरायला उतरणार होता. पाया पडलो, म्हटलं, पलीकडून भरा. ऐकलं नाही. रात्री अंडी उकरली. लहान लिंबाएवढी, गोल, पांढरी. बादलीत घालून सायकलवरून आणली, परसात घमेल्यातल्या वाळूत पुरली. याच्याच जवळच्या नात्यातल्या, गंगेतल्या मऊ पाठीच्या कासवाची अंडी फुटायला आठ महिन्यांहून जास्त लागतात, म्हणून वर्षभर थांबलो. एकही फुटलं नाही.

कारण फार नंतर कळलं. अंडं घातल्यावर साधारण दिवसभरात गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटलं की तो मरू शकतो. कोंबडी अंडी फिरवते. कासवाची अंडी फिरवायची नसतात. माझी तर बादलीत चार किलोमीटर गडगडत आली.

मामा अजून लग्नकार्यात सगळ्यांसमोर म्हणतात, "ट्रॅक्टरनं नाही, यानं मारली." चूक माझी, मान्य. पण ट्रॅक्टर उतरला नसता तर मी बादली उचललीच नसती. वाळूच उपसली तर मादीनं अंडी घालायची कुठं?

पिल्लं बाहेर पडलेली दिसली तर लीथच्या कासवाची ओळख सोपी: पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके, वयाबरोबर पुसट होत जातात. टाकीत ठेवू नका, खायला घालू नका. पोटातल्या बलकावर त्यांचे पहिले दिवस निघतात. लक्ष्मी येते म्हणून आपल्याकडचं देशी कासव पाळणं तर सरळ गुन्हा आहे.

घरटं खरंच पुराच्या किंवा पोकलेनच्या वाटेत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं अंडी हलवावी लागतात. तरी हात तुम्ही लावू नका, वन विभागाला १९२६ वर फोन करा. आणि उपसा चालू असेल तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, ट्रॅक्टर घरातल्या माणसाचा असला तरी. मी तेव्हा दिली नव्हती.