धर्मामुळे हिंसा होते, की हिंसेतूनच धर्म जन्मला?

तुम्ही विचारलंय की धर्म माणसाला हिंसक करतो, की हिंसेतूनच धर्म निघाला, आणि अभ्यासक काय म्हणतात. दुसऱ्या बाजूने सगळ्यात ठामपणे बोलला तो रने जिरार हा फ्रेंच विचारवंत, १९७२ साली. त्याला वाचल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

जिरारच्या मते काय हवंसं वाटावं हेही आपण दुसऱ्याचं बघूनच शिकतो. सकाळपासून कोपऱ्यात पडलेलं खेळणं एका पोराने उचललं की दुसऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं. ओढाताण सुरू होते, थोड्या वेळाने खेळणं बाजूला पडतं आणि भांडण तेवढं उरतं. राजा नाही, न्यायनिवाडा नाही अशा टोळीत हे पसरलं तर टोळीच संपायची. मग सगळ्यांचा राग कुणा एकावर जातो. तो परका असतो, व्यंग असलेला असतो किंवा त्याच्या बाजूने उभं राहणारं कुणी नसतं. त्याला मारलं की एकाएकी शांतता पसरते. जिवंतपणी जो संकटाचं मूळ वाटत होता, तोच मेल्यावर शांती देणारा ठरतो, पवित्र होतो. बळीचा विधी म्हणजे त्या पहिल्या खुनाची उजळणी, आणि मिथक म्हणजे मारणाऱ्यांच्या तोंडची हकीकत.

त्याच वर्षी वॉल्टर बुर्केर्ट या प्राचीन ग्रीक धर्माच्या जर्मन अभ्यासकाने बळीचं मूळ शिकारीत आणि प्राणी मारल्याच्या टोचणीत शोधलं. प्राचीन अथेन्समधल्या बुफोनिया या बैलाच्या बळीच्या विधीत बैल मारणारा कुऱ्हाड टाकून पळून जाई. मग खटला उभा राही. पाणी आणणाऱ्या मुली धार लावणाऱ्यांकडे बोट दाखवत, ते पुढच्याकडे, आणि शेवटी दोषी ठरलेली सुरी समुद्रात फेकली जाई.

प्रत्येक संस्कृतीच्या मुळाशी खून आहे हे जिरारचं म्हणणं मला पटत नाही. ते सिद्ध करणार कसं? पण गर्दी एका माणसावर कशी एकवटते, हे त्याच्याइतकं स्वच्छ मला कुणी दाखवलेलं नाही. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गमध्ये (आजच्या फ्रान्समधलं शहर) विहिरीत विष कालवून प्लेग पसरवल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना जाळलं. प्लेग तेव्हा शहरात पोचलाही नव्हता.

आणखी एक खटकतं. बळी गेलेला निर्दोष असतो हे उघड करण्याचं श्रेय जिरार मुख्यतः बायबललाच देतो. बुद्धाने आणि जैनांनी यज्ञातल्या पशुहत्येला केलेला विरोध मला त्याहून कमी वाटत नाही.

वाचायचंच असेल तर जिरारचं बळीच्या बकऱ्यावरचं १९८२ चं पुस्तक आधी घ्या. त्याची सुरुवातच प्लेग आणि ज्यूंवरच्या आरोपांबद्दलच्या चौदाव्या शतकातल्या एका कवितेपासून होते.