नावावरची कोटी

चि. हर्ष,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, ‘आजोबा माझ्या नावावर कोट्या करतात तेव्हा तू पोट धरून हसतेस, मग वर्गातल्या मुलांनी केली की तुझा चेहरा का पडतो?’ प्रश्न रास्त आहे. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधी वर्गातली कोटी. रोमन लिपीत तुझं नाव हुबेहूब इंग्रजी ‘हार्श’ या शब्दासारखं दिसतं. तीच पाच अक्षरं, त्याच क्रमाने. अर्थ मात्र कठोर, कर्कश. आम्ही नाव ठेवलं आनंदाचं आणि हजेरीत ते झालं कठोर! मुलं खेळतात ती त्या इंग्रजी शब्दाशी. तुझं नाव त्यांच्या कानापर्यंत अजून पोचलेलंच नाही, याचं मला वाईट वाटतं.

उच्चाराचं म्हणशील तर त्यात कुणाचा दोष नाही. इंग्लंडच्या बऱ्याच भागात, पुढे स्वर नसेल तर र म्हणतच नाहीत, म्हणून तुझे सर ‘हाऽश’ म्हणतात. मावशीच्या अमेरिकेतल्या शेजाऱ्यांच्या तोंडी र येतो, पण जीभ आत ओढून. तुमच्या पोहण्याच्या बाई स्कॉटलंडच्या. तिकडे अनेकांचा र आपल्यासारखाच जिभेच्या टोकाने वाजतो, म्हणून त्यांनी हाक मारली की तू पटकन वळून बघतोस. ष तर सोडूनच दे, श आणि ष मधला फरक आता मराठीतही बहुतेक जण करत नाहीत. खरी अडचण पहिल्या अक्षराची आहे. आपला आखूड ‘ह’ ओढून ‘हा’ झाला की नाव बिघडतं. पण तो आखूड अ इंग्रजीतही जवळपास सापडतो. ‘हश’, म्हणजे गप्प, हा शब्द आहे ना? सरांना सांग, ‘हश म्हणा आणि मध्ये हलकासा र घाला.’ दोनदा म्हणून घे त्यांच्याकडून. लाजू नकोस.

आता आजोबा. तुझा सदरा तोकडा झाला तेव्हा ते म्हणाले होते, ‘आमचा हर्ष आता सदऱ्यात मावेना!’ मराठीत फार आनंद झाला की ‘हर्ष गगनात मावेना’ म्हणतात. आजोबांनी गगन काढून तिथे सदरा घातला. तू उंच झालास हेही सांगितलं आणि त्याचा त्यांना किती आनंद झाला तेही, तेवढ्याच शब्दांत. हर्षवायूची कोटी तुला त्याहून आवडते हे मला माहीत आहे, पण ती जेवणाच्या टेबलावर नको.

एका शब्दातून दोन अर्थ काढणं याला आपल्याकडे श्लेष म्हणतात, आणि नावावरचा श्लेष आपल्या संतांनी, कवींनी मोठ्या प्रेमाने केला आहे. ज्ञानदेवांच्या वडिलांचं नाव विठ्ठलपंत, आईचं रुक्मिणी. पंढरपूरच्या देवाचं नाव विठ्ठल आणि त्याची रखुमाई, म्हणजे रुक्मिणीच. त्यांच्या कितीतरी अभंगांच्या शेवटी ‘बापरखुमादेवीवरु विठ्ठलु’ असं येतं. रखुमादेवीवर म्हणजे रखुमाईचा नवरा. ऐकणाऱ्याने देव समजावा की वडील? दोन्ही! आईवडिलांची आठवण आणि देवाचं नाव असं एका ओळीत नांदताना बघून मला दर वेळी भरून येतं.

नंतरचे मोरोपंत (१७२९–१७९४) तर स्वतःला ‘मयूर’ म्हणवून घेत. देवाला आळवण्यासाठी त्यांनी जे काव्य लिहिलं त्याचं नाव ‘केकावली’. केका म्हणजे मोराची साद. मोरोपंतांची हाक, म्हणून मोराच्या हाकांची माळ.

आडनावांच्या कोट्याही पुष्कळ चालतात. गोरे सावळे निघाले आणि काळे उजळ निघाले की कोणीतरी बोलतंच. रंगावरून केलेली ती कोटी मला मुळीच आवडत नाही, आपल्या माणसांनी केली तरी. इथे काळे हे आडनाव वाचून लोकांना ‘केल’ची पालेभाजी आठवते, साने वाचून ‘सेन’ म्हणजे शहाणा, माने वाचून ‘मेन’ म्हणजे आयाळ. यातलं काही गमतीचं आहे, आणि साने, माने मंडळी स्वतःच ती गंमत सांगत असतील तर खुशाल हसावं. पण आधी नाव नीट म्हणून दाखवावं, मग खेळावं. आजोबांना तुझं नाव येतं, ते त्यांना आवडतं, म्हणून ते त्याच्याशी खेळू शकतात.

हाच नियम आपल्यालाही आहे बरं का. तुझ्या मित्राला इथे सगळे ‘टॉमस’ म्हणतात, पण मराठीत ते नाव लिहितात थॉमस आणि म्हणतातही तसंच, कारण रोमन अक्षरांत एच दिसतो. व्हिक्टरमधला व्ह आणि विल्यममधला व हे इंग्रजीत वेगळे आवाज आहेत, आपल्या बोलण्यात ते सहज एक होतात. म्हणून रविवारी आजोबांचा फोन आला की त्यांना टॉमस म्हणायला तू शिकव. एकदा ते जमलं, की त्या नावावर ते काय कोटी करतात ते मला लगेच येऊन सांग.

तुझी,
आई