मॅन्युअल गिअरच्या गाड्या बंद होणार का? आता ऑटोमॅटिकच घ्यावी का?

लगेच बंद होणार नाहीत, पण शहरात त्या मागे पडताहेत हे खरं. आपल्याकडे पूर्वी ऑटोमॅटिक म्हणजे महाग आणि पेट्रोल पिणारी, असाच समज होता. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि चित्र बदललं. एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून किंमत थोडीच वाढते, मायलेजही टिकतं.

रोज पुण्याच्या सिंहगड रोडसारख्या गर्दीतून जाणं असेल, तर माझ्या मते बिनधास्त ऑटोमॅटिक घ्या. अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकून डावा पाय भरून येतो, तो त्रास वाचतो. एएमटीत गिअर बदलताना हलका झटका बसतो, ओव्हरटेकला तो नक्की जाणवतो. बजेट असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिकचा प्रकार बघा, तो खूपच मऊ चालतो.

घाट उतरताना मात्र एएमटी मॅन्युअल मोडवर घेऊन खालच्या गिअरमध्ये ठेवा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात.

आणि शिकणार असाल तर मॅन्युअलवरच शिका. अडीअडचणीला दुसऱ्याची गाडी काढायची वेळ येतेच.