डाग टीबीचा की कॅन्सरचा? आधी जुनी सीडी शोधा

प्रश्न : आईचं वय ६२. खोकला जाईना म्हणून धंतोलीत छातीचा सीटी स्कॅन केला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात २२ मिमीची 'पार्ट-सॉलिड' गाठ, त्यातला घट्ट भाग ९ मिमी, कडा 'स्पिक्युलेटेड' असा रिपोर्ट आहे. आईनं तंबाखूला कधी हात लावला नाही, चुलीवर मात्र बरीच वर्षं स्वयंपाक केला. ओळखीचे डॉक्टर म्हणतात, आधी टीबीची औषधं देऊन बघू. हा कॅन्सरच आहे का? असला तर कोणता?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : तपासणीत टीबी सापडल्याशिवाय औषधं 'देऊन बघू' नका. टीबी आपल्याकडे भरपूर आहे आणि त्याच्या जुन्या व्रणालाही काटेरी ('स्पिक्युलेटेड') कडा येतात, हे खरं. पण औषधांचा परिणाम बघण्यात महिने जातात आणि गाठ कॅन्सरची असेल तर तेच महिने मोलाचे असतात.

मी रोज छातीचे सीटी वाचते. तुमच्या रिपोर्टमधल्या काट्यांपेक्षा मला 'पार्ट-सॉलिड' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. अशा गाठीचा काही भाग काचेवर धरलेल्या वाफेसारखा धूसर दिसतो, त्यातून रक्तवाहिन्याही दिसतात. आत घट्ट ठिपका असतो. असा डाग महिनोन् महिने टिकला तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकाराचा संशय बळावतो. धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्येही हाच प्रकार जास्त आढळतो. स्क्वॅमस हा दुसरा प्रकार बहुधा मोठ्या श्वासनलिकेजवळ असतो, कधी आतून पोकळ होतो. स्मॉल सेल या तिसऱ्या प्रकारात छातीच्या मधल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) बऱ्याचदा खूप सुजलेल्या असतात.

आता धीराची गोष्ट. कॅन्सर निघालाच, तर अशा गाठीत टी-स्टेज (मूळ गाठीवरून ठरणारा टप्पा) ठरवताना पूर्ण २२ मिमी धरत नाहीत, घट्ट भाग धरतात. धूसर भाग जास्त असलेल्या गाठी साधारणपणे सावकाश वाढतात आणि वेळेत काढल्या तर निकाल चांगला लागतो. मात्र लिम्फ नोड आणि बाकीचं शरीर तपासल्याशिवाय स्टेज ठरत नाही.

२०२१ मध्ये कोविडच्या वेळी आईचा एचआरसीटी (छातीचा बारीक कापांचा सीटी) झाला होता का? नागपुरात तेव्हा असे सीटी खूप झाले. झाला असेल तर कपाट उघडा, सीडी शोधा. नुसत्या फिल्मवर माझं समाधान होत नाही. सीडीवर पातळ काप शेजारी लावून मोजता येतात. तेव्हा त्याच जागी धूसर डाग होता आणि आता त्यात घट्ट भाग आला असेल, तर संशय फार वाढतो.

तरीही सीटीवरून नाव पक्कं करता येत नाही, त्यासाठी गाठीचा तुकडा तपासावा लागतो. दोन्ही सीडी घेऊन मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला), तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला दाखवा. बायोप्सी करायची की थेट ऑपरेशन, ते तिथले छातीचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. सुईची बायोप्सी निगेटिव्ह आली तरी एवढ्यावर थांबू नका, अशा गाठीत सुई नेमकी जागा चुकवू शकते. अ‍ॅडेनोकार्सिनोमा निघाला तर ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांबद्दल विचारा. आणि बायोप्सीआधीच सांगून ठेवा : एक तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीला पाठवा. फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) टाकलेल्या तुकड्यावर टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही.