उन्हाळी टेनिस शिबिराला निघालेल्या पोरीला

अनेक आशीर्वाद.

शिबिराचा फॉर्म भरलास, छान केलंस. बारावीनंतरची सुट्टी गादीवर लोळून काढण्यापेक्षा हे कधीही बरं. पण मेसेजच्या शेवटी तू विचारलंयस, 'एका बाजूला नऊ-दहा वर्षांची पोरं, दुसऱ्या बाजूला रिटायर झालेले काका-काकू, यात माझं काय काम?' त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहितोय.

पहिल्या दिवशी तुला पूर्ण कोर्ट मिळेल असं समजू नकोस. नेटपासून सहा-साडेसहा मीटरवर, सर्व्हिस लाइनपाशी उभं करतील आणि पिवळ्याऐवजी नारिंगी किंवा हिरव्या ठिपक्याचा बॉल देतील. तोंड वाकडं करू नकोस. लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण 75 टक्के संथ असतो, नारिंगी 50 आणि हिरवा 25 टक्के. हा काही लहान मुलांचं मन राखायचा प्रकार नाही. दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा बॉल 2012 पासून नियमानेच बंद आहे. कारण साधं आहे. तो उसळून पोरांच्या डोक्याशी येतो, मग पोरं कशीबशी रॅकेट वर करून तो परतवतात आणि तीच खोड हाताला लागते. अठराव्या वर्षी नव्याने शिकणाऱ्याचंही वेगळं काही होत नाही. बॉल संथ आला की पाय नीट जागेवर आणायला वेळ मिळतो आणि तो कमरेच्या उंचीवर, शरीराच्या पुढे घेता येतो. तेवढं जमलं की पिवळा बॉल आपोआप हातात येईल.

आता जोडीदाराचं. शिबिरात सगळे टपून असतात ते आपल्यापेक्षा सरस खेळणाऱ्यासमोर उभं राहायला. तू तसं करू नकोस. निदान पहिला आठवडा तरी कोच ज्याच्यासमोर उभं करतील त्याच्याशी खेळ. नऊ वर्षांच्या पोराचा बॉल हळू आणि बुटका येतो, त्यात जोर नसतो. तो परतवायचा तर गुडघे वाकवावे लागतात आणि वेग स्वतःचा घालावा लागतो. शिवाय तो त्याला झेपेल असाच द्यायचा, नाहीतर रॅली दोन फटक्यांत संपते. दिसतं तेवढं हे सोपं नाही. समोरच्याने जोरात मारलेला बॉल नुसती रॅकेट धरली तरी परत जातो, त्यामुळे आपल्याला येतंय असा भ्रम होतो. पोरासमोर तो भ्रम टिकत नाही.

आणि ते काका! पोट सुटलेलं, एका गुडघ्याला पट्टा, सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी हजर. ते तुला दमवतील, लिहून ठेव. स्वतः जागचे हलणार नाहीत. एक स्लाइस, म्हणजे खालून कापून मारलेला बॉल, बॅकहँडला, एक नेटजवळ अलगद सोडलेला, तू धावत पुढे आलीस की डोक्यावरून लॉब. तू चिडून जोरात मारशील आणि बॉल मागच्या जाळीला लागेल. मनगटात ताकद नसताना माणूस गुण कसे मिळवतो हे पाहायचं असेल तर त्यांच्याशी दुहेरी खेळ, आणि शक्य झालं तर त्यांच्याच बाजूने. पुढे कधी जायचं, मध्ये आलेला बॉल कोणाचा, हे ते खेळता खेळता ओरडून सांगतील. थोडं बोलूनही घेतील, तेवढं ऐकून घे.

वयाचा फरक टेनिसला, त्यातही दुहेरीला, कधीच फारसा जाचत नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपली ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं, तेव्हा ती 27 ची होती आणि तो 43 चा. अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 गेला होता. पुढच्याच जानेवारीत बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि त्या वयात तो दुहेरीत जगात पहिला झाला.

सामानाचं थोडक्यात. रॅकेट विकत घेऊ नकोस, माझ्याकडे एक 27 इंची, हलकी रॅकेट नुसती पडून आहे. फक्त तिच्या तारा बदलून घे. दुकानदार पॉली स्ट्रिंग, म्हणजे पॉलिएस्टरची तार, गळ्यात मारायला बघेल, ती कडक असते आणि नवख्या कोपराला सोसत नाही. साधी 'सिंथेटिक गट' नावाची नायलॉनची तार सांग, ताण 50 पौंडांच्या आसपास. बुटांवर मात्र खर्च कर. पळायचे बूट चालत नाहीत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, आडवं धावताना घोटा मुरगळतो.

सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं म्हणजे शरीर बोलणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि खांदे इतके भरून येतील की जिना उतरवणार नाही. ते चालतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा खांद्याच्या सांध्यात कळ आली तर मात्र त्याच क्षणी थांबून कोचना सांग, दात-ओठ खाऊन खेळू नकोस. मे महिन्यातलं पुणं तुला सांगायला नको. पाण्याच्या बाटलीबरोबर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत ठेव. उन्हात मळमळलं, अंगावर काटा आला की सावलीत बस, सत्र बुडालं तरी चालेल. दुपारी झोप. खरंच झोप, रील्स नकोत.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. पहिल्या सत्राच्या अर्धा तास आधी जाऊन मार्करला, म्हणजे कोर्ट राखणाऱ्या माणसाला, काम करताना बघ. लाल मातीचं कोर्ट तो आधी झाडतो, मग पाण्याची नळी फिरवतो, रोलर ओढतो आणि शेवटी दोरी ताणून चुन्याच्या रेषा मारतो. त्या ओल्या मातीवर सकाळी बॉल जड होतो आणि संथ येतो. संध्याकाळी तेच कोर्ट कोरडं पडलेलं असतं आणि बॉल सुळकन निघून जातो. सकाळी जमलेला फोरहँड संध्याकाळी उशिरा लागायला लागला तर त्याचं निम्मं कारण पायाखाली असतं. हे मार्कर दिवसभर मेंबरांशी खेळत असतात. कोण कुठे चुकतं हे त्यांना कोचइतकंच कळतं, फक्त विचारल्याशिवाय ते बोलत नाहीत. त्यांना 'दादा' म्हण आणि विचार. आणि सत्र संपल्यावर बॉल गोळा करायला मागे राहू नकोस.

दुसऱ्या आठवड्यात खेळ बिघडेल. सर्व्हिससाठी रॅकेट हातोडी धरावी तशी धरायला लावतील आणि आधी बॉक्समध्ये पडणारी सर्व्हिस नेटमध्ये जाऊ लागेल. त्या दिवसांत जुन्या पकडीकडे परत जाण्याचा फार मोह होतो, कारण तिने गुण मिळत असतात. गुण जाऊ देत. सामने खेळवले तरी नव्या पकडीनेच सर्व्हिस कर, दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गेला तरी. तुझ्या बाजूला पडलेला बॉल तूच सांगायचा असतो, आणि शंका आली तर तो आत धरायचा, हा नियमच आहे. त्यावर वाद घालू नकोस, समोर दहा वर्षांचा पोरगा असला तरी.

आणखी एक, हे आत्तापासून बघून ठेव. शिबिर संपेपर्यंत पाऊस तोंडावर येईल आणि मातीची कोर्ट बंद होतील. नवी पकड मुरायच्या आतच तीन-चार महिने रॅकेट कपाटात गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शेवटच्या आठवड्यातच कोचना विचारून एखाद्या हार्ड कोर्टवर आठवड्यातून दोन दिवस ठरवून टाक. तेही नाही जमलं तर तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली मागची भिंत आहे. सेक्रेटरींशी मी बोलतो.

रॅकेट शनिवारी येऊन घेऊन जा. काकू जेवायला थांब म्हणतेय.

तुझा,
काका