माध्यम बदलते, म्हणजे चिकाटी नाही का?

"मॅडम, दर चार-पाच वर्षांनी माझे माध्यम बदलते. माझ्यात चिकाटीच नाही का?" पंचेचाळिशीतल्या एका चित्रकार बाईंनी पहिल्याच भेटीत मला विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जलरंग, तैलरंग आणि वुडकट (लाकूड कोरून केलेली छापचित्रे) असा प्रवास करून त्या आता नागपूरच्या चितार ओळीत मूर्तिकारांजवळ बसून मातीकाम शिकत होत्या, आणि थोरल्या भावाचे "एक ना धड, भाराभर चिंध्या" हे शब्द त्यांच्या मनात सलत होते.

मी आधी रवींद्रनाथ ठाकूरांचे उदाहरण दिले. हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींना आकार देता देता ते चित्रांकडे वळले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. "पण ते रवींद्रनाथ होते," बाई म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. काळजीत बुडालेल्या माणसाला थोरांच्या नावाने क्वचितच धीर येतो.

म्हणून मी त्यांना प्रत्येक माध्यमातील शेवटची कामे आणायला सांगितली आणि ते माध्यम सुटले त्या दिवसांत काय घडले, एवढेच विचारले. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद; त्यांना मात्र थरांवर थर चढवण्याची ओढ लागली होती, म्हणून त्या तैलरंगाकडे गेल्या. लाकूड कोरताना बोटांना खोली कळू लागली आणि माती हवीशी झाली. या दोन्ही वेळी आधीचे काम पुरे झालेले होते.

तैलरंगाचे तीन कॅनव्हास मात्र अर्धवट होते. एका जाणकाराने रंगांना "मळकट" म्हटले, त्यानंतर त्यांनी ते कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवले. हे सांगताना त्यांचा आवाज बसला, आणि पुढच्या चार भेटी आम्ही याच एका शब्दापाशी थांबलो. बोलता बोलता उलगडले की प्रदर्शनाच्या घाईत त्यांनी खालचा थर ओला असतानाच वर रंग चढवला होता, म्हणून रंग एकमेकांत मिसळले होते. ती तंत्राची चूक होती. त्यांनी मात्र ती आपल्या स्वभावाची खोट मानली होती.

मी म्हटले, "माती सोडू नका, पण त्यांतला एक कॅनव्हास पुरा करा." त्यांनी सर्वांत लहान निवडला. मागच्या भेटीत त्या सांगत होत्या की पहिला थर अजून सुकतो आहे आणि तोवर सकाळचे चितार ओळीत जाणे चालू आहे.