लाल पेन खाली ठेव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. मेल दोनदा वाचली. इंग्लंडात सॉलिसिटर व्हायला लागणारं ते ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळवायला तू काय खस्ता खाल्ल्यास त्या मला माहीत आहेत, ते उगाळत बसत नाही. खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य : ‘शंका आली की काढून टाकायचं, हेच सेफ ना काका?’

सेफ कोणासाठी?

छापण्याआधी मजकूर वाचायच्या सीटवर, म्हणजे ट्रेनिंगच्या या टप्प्यावर, तुला चार महिने झाले. लेख समोर आला की हात लाल पेनाकडे जातो. आधी फोन उचल. जिनं बातमी लिहिली तिला विचार : हे तुला कोणी सांगितलं, कागद आहे का, सांगणारा कोर्टात उभा राहील का, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर द्यायला किती वेळ दिलास? खरेपणा सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्यावर असते, हे तुला पाठ आहे. पण तो पुरावा तुझ्या टेबलावर आपण होऊन चालत येत नाही, मागावा लागतो.

आणि मिळेल त्या पुराव्याच्या मापानं वाक्य बेत. 2002 च्या चेस या बदनामीच्या खटल्यातल्या आरोपाच्या तीन पायऱ्या तू वाचल्या आहेस : त्यानं केलं, केल्याचा संशय घ्यायला सबळ कारण आहे, चौकशी करावी इतपत कारण आहे. हातात तिसऱ्या पायरीपुरतं असेल तर वाक्य तिसऱ्या पायरीवर आण. ‘कथित’ हा शब्द मात्र चिकटवू नकोस, त्यानं कोणी दाव्यातून सुटत नाही. दुसऱ्याचा आरोप छापला की तो आपलाच होतो. किती वेळा सांगायचं हे!

माझी गोष्ट ऐक. 2013 चा बदनामी कायदा यायच्या आधीची. शनिवारची रात्र, रविवारचा अंक, मी एका दैनिकाच्या ऑफिसात पानं वाचत बसलेलो. एका वृद्धाश्रमाच्या मालकाबद्दल दोन परिच्छेद होते. मी ते कापले. बातमीदार मुलगी आली, काही बोलायला लागली. मी म्हटलं, ‘वेळ नाही.’ तीन आठवड्यांनी तीच बातमी दुसऱ्या पेपरात आली. दावा कोणीच लावला नाही. नंतर कळलं, त्या रात्री तिच्या पिशवीत दोन परिचारिकांचे सह्या केलेले जबाब होते.

आता तू म्हणशील, तेव्हा कायदाच कडक होता. होताच. प्रतिष्ठेला गंभीर हानी झाली हे दावा करणाऱ्यानं दाखवायचं, ही अट तेव्हा नव्हती. नव्या कायद्याच्या कलम 4 चा जनहिताचा बचाव नव्हता. पत्रकारिता जबाबदारीनं केली का हे बघायला 1999 च्या रेनॉल्ड्स निकालातले दहा मुद्दे होते आणि न्यायाधीश ते एकेक करून तपासायचे. छपाईला चाळीस मिनिटं उरली होती. माझ्या जागी दुसऱ्या कोणीही तेच केलं असतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. पण ती मुलगी समोर उभी होती. फोनसुद्धा करायचा नव्हता, नुसतं ‘काय आहे तुझ्याकडे?’ इतकं विचारायचं होतं.

काही ठिकाणी बेधडक काप, मला विचारूही नकोस. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काही दिसलं, अगदी गल्लीचं नाव, शाळेचा गणवेश, तरी काप. 1992 चा कायदा तिला जन्मभराचं संरक्षण देतो. खटला चालू असेल तर 1981 चा कोर्टाच्या अवमानाचा कायदा डोळ्यांपुढे ठेव. पण ही वाक्यं नेमकी कुठली ते ओळखता यायला हवं. भीती वाटली म्हणून कापणं वेगळं.

पुढची सीट दावेदारांच्या बाजूची आहे म्हणून तू नाक मुरडलंस. मुरडू नकोस. तिथंही फोनच. अशिलानं ‘सगळं खोटं आहे’ म्हटलं की लगेच पत्र धाडायचं नाही. नेमकं काय खोटं, ते त्याला विचार. कारण नसताना पत्रावर ‘खासगी, छापू नये’ असं ठोकून द्यायची जुनी सवय आमच्या पिढीची. 2022 च्या नोव्हेंबरात नियामकानं त्याबद्दल वकिलांना लेखी ताकीद दिली, आणि बरं केलं.

तू कापलेला तो नगरपालिकेच्या कंत्राटाचा लेख गुरुवारी जातोय ना? म्हणजे अजून दीड दिवस आहे. सीनियरला काय वाटेल याची काळजी नंतर कर. त्या बातमीदार मुलीला आत्ता फोन लाव, आणि तिच्याकडे काय निघालं ते मला कळव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
काका